दात्याचं पोट

आमच्या आदिलाबादच्या गल्लीत मी दातांची डॉक्टर म्हणून प्रसिद्ध आहे. यात माझा दोष नाही, बाबांचा आहे. पोरगी पुण्याच्या कंपनीची नोकरी घरी बसून करते म्हणजे नेमकं काय करते, असं शेजारच्या काकूंनी विचारलं, तेव्हा बोथकडच्या खेड्यांतल्या शाळांमध्ये जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले माझे बाबा मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "कॉम्प्युटरवर दात्यांचं काम करते." काकूंना 'दातांचं' ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गाल धरून आमच्या दारात उभ्या. मी त्यांना मीठ-पाण्याच्या गुळण्या करायला सांगितलं, आणि दुर्दैवाने त्यांना बरं वाटलं. तेव्हापासून महिन्याला एखादा पेशंट येतोच.

माझं खरं काम गिअरचं. गिअर म्हणजे दातेरी चाक. एका चाकाचा दाता दुसऱ्या चाकाच्या दात्याला ढकलतो आणि मशीन फिरतं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण दाता जिथे दात्याला टेकतो तो पृष्ठभाग कसा वळलेला असावा, यावर मशीन गुणगुणणार की बोंबलणार हे ठरतं. मी कॉम्प्युटरवर तो पृष्ठभाग तयार करते. त्यातही माझ्या वाट्याला आलेत शंकूसारखे, वाकड्या दात्यांचे गिअर. येणारी चाल काटकोनात वळवून पुढे द्यायची असली की हे लागतात. यांच्या दात्याला सरळ अशी एकही बाजू नसते. माझ्या पदाचं नाव इतकं लांब आहे की कार्डावर त्याला दोन ओळी लागतात, आणि आईने लग्नासाठी छापून घेतलेल्या माहितीपत्रकात तीन. त्या तीन ओळी वाचून एका मुलाच्या वडिलांनी, "म्हंजे सरकारी नाई ना?" एवढंच विचारलं होतं.

आता मामांबद्दल सांगते. आईचे थोरले भाऊ. मार्केट यार्डाच्या रस्त्याला त्यांचं लेथचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, दोन लेथ, एक मिलिंग मशीन, आणि कोपऱ्यात गिअर कापायचं एक जुनं हॉबिंग मशीन. ते नागपूरच्या कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून मामांनी ट्रकवर चढवून आणलं होतं. आमच्या आजोबा-आजीने दुसऱ्यांच्या शेतांत कापूस वेचला. त्या घरातले मामा हे पहिले, ज्यांच्या हाताला मातीऐवजी ऑइल लागलं. शिक्षण सातवी. बोलण्यात साखर नाही. माझ्या कामाबद्दल त्यांचं मत ते चारचौघांत सांगायचे, "ज्याले गंज लागत नाई थे लोखंडच नाई." मी त्यांना स्क्रीनवर फिरणारा गिअर दाखवला की म्हणायचे, "बरा हाये. आता याले माह्या हातात दे." आठ वर्षं हा एकच विनोद. मीही आठ वर्षं वाट बघत होते की कधीतरी हा माणूस माझ्याकडे येईल.

आणि दोन हिवाळ्यांपूर्वी आले.

यार्डात कापूस यायला सुरुवात झाली होती. सकाळी मी लॅपटॉपसमोर बसले होते, तर मामा बारदानात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन थेट स्वयंपाकघरात गेले आणि आईच्या पोळ्यांच्या ओट्यावर ते धाडकन ठेवलं.

"दादा, थे कनकीवर ठेवलं तुमी!" आई ओरडली.

"कनीक झटकून घेईन मी," मामा म्हणाले आणि मला हाक मारली. "इकडं ये वं. पाह्य हे."

बारदानात एक मोठं चाक होतं आणि एक लहान. लहान चाकाचे दोन दाते मुळापासून उडालेले. गावाबाहेरच्या एका जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचा, हा माल. कापूस वर खेचून नेणाऱ्या मशीनचा गिअरबॉक्स होता तो, कुठल्यातरी परदेशी कंपनीचा, जुन्यात घेतलेला. कंपनी तर नाहीच उरली, बाबांनी अ‍ॅटलासमध्ये शोधलं तर तो देशही नाही उरला. स्पेअर मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मामांचं मशीन सरळ दाते कापायचं. असे वाकडे तिरके दाते त्यांच्या हातचे नव्हते.

मामांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "तुह्याच्यानं होते काय हे?"

मी कपाळाला आठ्या घालून चाकाकडे पाच मिनिटं बघितलं. बघण्यासारखं पाच मिनिटांचं काही नव्हतं, पण आठ वर्षांची वाट होती.

"होते की," मी म्हणाले.

आमच्या साहेबांना पुण्यात फोन केला. कंपनीत नवीन पाच दिशांनी कापणारं मशीन आलेलं होतं आणि त्यावर कापून दाखवायला काहीतरी हवंच होतं. साहेब म्हणाले, घेऊन ये, आपल्याला प्रेझेंटेशनमध्ये ग्रामीण भागाची एक स्लाइड पाहिजेच आहे. साहेबांचं जग स्लाइडींचं बनलेलं आहे. मी दोन्ही चाकं पाठीवरच्या बॅगेत घालून नागपूरला बसने आणि तिथून रेल्वेने निघाले. नागपूर स्टेशनवर बॅग तपासणीच्या पट्ट्यावरून गेली आणि तिथला पोलीस ताडकन उभा राहिला. पडद्यावर त्याला काय दिसलं देव जाणे.

"मॅडम, हे काय आहे?"

"गिअर."

"कशाचा?"

"आदिलाबादच्या जिनिंगचा."

"मंग पुन्याले कायले नेता? तिथं जिनिंग हाये?"

"तिथं तो मोजायचं मशीन आहे."

त्याने बॅग उचलून बघितली, वजनाने वाकला, आणि माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी ओळखते. नातेवाईकांच्या लग्नांत माझ्याकडे तसंच बघतात. "जा मॅडम," तो म्हणाला, "सांभाळून जा."

पुण्यात मोजायचं मशीन म्हणजे एक सुई असते. तिच्या टोकाला माणकाचा बारीक मणी. ती दात्याला हलकेच टेकते, टेकलेल्या जागेची नोंद करते, उचलते, पुढे टेकते. असे तिने हजारो बिंदू टिपले. दात्यावर मळ राहू नये म्हणून मी प्रत्येक दाता आधी केरोसीनने धुतला, मग स्पिरिटने, मग चष्मा पुसायच्या कापडाने. आंघोळीच्या बाबतीत मी स्वतःवर इतकी मेहनत कधी घेतलेली नाही.

मग त्या बिंदूंवरून मी पृष्ठभाग ताणला, पलंगावर चादर अंथरतात तसा. कुठे सुरकुती नाही, कुठे झोळ नाही. तुटलेल्या दोन दात्यांच्या जागी शाबूत दात्यांवरून नवे उभे केले. बिंदू आणि चादर यांत अंतर इतकं कमी की केसाच्या जाडीचे पन्नास काप केले तर त्यातला एखादा काप. साहेब पडद्याकडे बघून "ब्युटिफुल" म्हणाले. त्यांनी त्याला 'डिजिटल ट्विन' असं नाव दिलं आणि स्लाइड केली. मी जेवताना सुद्धा तो गिअर मोबाइलवर फिरवून बघायचे. प्रेमात पडल्यावर माणसं करतात तसली सगळी लक्षणं होती, फक्त समोरचं पोलादाचं होतं.

नवी जोडी कापून, तापवून, घासून तयार झाली आणि मी ती घेऊन घरी आले.

जिनिंगमध्ये बसवायच्या दिवशी तिथल्या मालकाने, सेठने, नारळ आणला. मी नवा ड्रेस घातला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, मोबाइल आडवा धरून व्हिडिओ काढायला हजर. जिनिंगचे दहा-बारा कामगार केसांत कापूस घेऊन भोवती उभे. मामांनी स्वतः गिअरबॉक्स बसवला, हाताने फिरवून बघितला आणि डोक्यावरची टोपी काढून परत घातली. मला वाटलं, भारावले. सेठने नारळ फोडला, बटण दाबलं.

शंभर पत्र्याच्या पेट्या एकदम फरशीवरून ओढल्यावर येईल तसा आवाज आला. शेडवरची कबुतरं उडाली. एका कामगाराने दोन्ही कानांत सरकीच्या कापसाचे बोळे घातले. सेठ हात हलवत ओरडत होता, "बंद करो, बंद करो, फट जाएगा!" मामांनी मेन स्विच पाडला तेव्हा कुठे शांतता झाली, आणि त्या शांततेत बाबांचा आवाज आला, "मी ग्रुपवर टाकून देल्ला."

त्यांनी खरंच टाकला होता. आवाज म्हणजे मशीन चालू झाल्याची खूण, असं समजून. वांकिडीच्या आत्यापासून यवतमाळच्या चुलत भावापर्यंत सगळ्यांचे अंगठे आणि फुलांचे गुच्छ येत राहिले. "अभिनंदन बेटा. अशीच प्रगती कर." मला त्या क्षणी कापसाच्या ढिगात शिरून आतून ढीग बंद करून घ्यावासा वाटत होता.

मामांनी पाना मागून घेतला. गिअरबॉक्स उघडला आणि खिशातून शेंदराची पुडी काढली. आम्ही बौद्ध. आमच्या घरी शेंदूर देवाला लागत नाही, फक्त गिअरला लागतो. मामा दरवेळी पुडी घ्यायला जातात तेव्हा दुकानदार विचारतो, कोणत्या देवाचा, आणि मामा सांगतात, गिअरबॉक्सचा. तर तो शेंदूर त्यांनी तेलात कालवला, मोठ्या चाकाच्या दात्यांना बोटाने पातळ लावला आणि चाक हाताने फिरवलं. दाता दात्याला जिथे टेकतो तिथला शेंदूर पुसला जातो. मग मला टॉर्च देऊन म्हणाले, "पाह्य."

दात्याच्या दोन्ही टोकांना चकचकीत पोलाद दिसत होतं. मधे शेंदूर जसाच्या तसा. म्हणजे दाते फक्त कडांनी एकमेकांवर आपटत होते, मधे टेकतच नव्हते.

"हा गिअर किती वर्स चालला?" मामांनी विचारलं.

"सेठ म्हणते तीस तरी."

"तीस वर्सांत दाता घासला का नाई?"

"घासला."

"मधातच जास्त घासला. जोडीदार मधातच टेकते. मंग तू काय मोजलं? घासून घासून खड्डा पडलेला दाता मोजला. थो पन धुऊन, पुसून. म्हाताऱ्याचा फोटो काहाडला आन् म्हनते हाच नवरदेव." त्यांनी बोट दात्यावरून फिरवलं. "दात्याले पोट लागते, बाई. मधी उलीसं पोट. तू तं त्याले खड्डा देल्ला."

दात्याचा मधला भाग किंचित फुगीर ठेवतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. या विषयात मी पहिल्या वर्गात पास झाले आहे. त्या फुगीरपणाचं सूत्र मी झोपेत लिहीन. पण आठ वर्षांत माझं प्रत्येक काम कोऱ्या ड्रॉइंगवरून सुरू झालेलं. म्हातारा गिअर माझ्यासमोर कधी आलाच नव्हता. समोर आला तेव्हा मी पोरीसारखी त्याच्या सुरकुत्या मोजत बसले.

मी दोन दिवस तोंड फुगवून बसले. साहेबांचा फोन घेतला नाही. बाबांनी ग्रुपवर दुरुस्तीचा संदेश टाकायची परवानगी मागितली, ती दिली नाही. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "दादानं बोलावलं. जुने कपडे घालून ये म्हने."

दुकानात मामांनी मला हॉबिंग मशीनपुढे उभं केलं. एका उसाच्या चरख्यासाठी साधा सरळ दात्यांचा गिअर कापायचा होता. कोरं चाक त्यावर चढवलेलं.

"काप," मामा म्हणाले.

"मी?"

"मंग काय तुहा बाप?"

मी हजारो गिअर तयार केले होते आणि एकही कापला नव्हता. हँडल दोन्ही हातांनी गच्च धरलं. मामांनी माझा हात धरून कटर हळूहळू आत घेतला. कटर फिरायला लागला, चाक फिरायला लागलं, दोघं आपापल्या गतीने, पण एका हिशोबात बांधलेले. निळसर किसाचे तुकडे पडायला लागले, एक माझ्या मनगटावर चिकटून चटका देऊन गेला, ड्रेसवर तेलाचा फवारा बसला. आणि कोऱ्या लोखंडात कुणीही कोरलेले नसताना दाते वर यायला लागले.

"पाह्य," मामा आवाजावर आवाज चढवून म्हणाले. "दाता कोनीच बनवत नाई. कटर फिरते, चाक फिरते. कटर खाते थे खाते, उरते थो दाता."

हे वाक्य माझ्या पुस्तकात चार पानांच्या समीकरणांत आहे. मी पाठ करून परीक्षेत ओकून टाकलेलं. एरवी ऑफिसचं काम मी त्याच समीकरणांनी करते, पण ड्रॉइंग तयार असतं, आकडे भरायचे असतात, विचार करावा लागत नाही. या वेळी ड्रॉइंग नव्हतं तर मी हालचाल सोडून आकाराच्या मागे लागले. वाकडा दाता कापणारं ते परदेशी मशीन कसं फिरलं असेल हे शोधायचं सोडून मी चादर अंथरत बसले होते.

"पन मामा," मी म्हणाले, "जुना दाता तर सगळाच घासला. मूळचा मोजायचा कुठून?"

मामांनी जुनं मोठं चाक समोर घेतलं. अंगठ्याच्या नखाने दात्याच्या आतल्या, लहान टोकाची कड दाखवली. मी भिंग लावलं. तिथे आगकाडीच्या रुंदीची एक पट्टी होती, आणि तिच्यावर बारीक बारीक रेघा, कटर फिरून गेल्याच्या.

"मिशा दिसल्या?" मामांनी विचारलं. "इथं जोडीदार कदी टेकलाच नाई. लहान चाक इथपर्यंत पुरतच नाई. बुडाजवळ बी अशीच एक पट्टी हाये. तेवढा दाता अजून कोरा हाये."

मी तिथेच, ओल्या ड्रेसने, त्यांच्या स्टुलावर बसून वहीत लिहायला लागले.

पुढचे नऊ दिवस मी स्क्रीनवर ते जुनं मशीन उभं करत होते, ज्याचा मी फोटोही पाहिलेला नव्हता. कटर केवढा मोठा असेल, किती कलला असेल, तो फिरताना चाक किती वेगाने फिरत असेल, हे सगळं अंदाजाने धरायचं, कॉम्प्युटरमध्ये खोटा दाता कापायचा, आणि बघायचं की त्याच्या कडा त्या कोऱ्या पट्ट्यांवर बसतात का. नाही बसल्या की आकडे बदलायचे. लाइट जायची तेव्हा लॅपटॉप घेऊन मी बुद्धविहारात जायचे, तिथे इन्व्हर्टर होता. विहारातल्या आज्या माझ्या स्क्रीनकडे बघून हात जोडायच्या. त्यांना ते धम्मचक्र वाटायचं. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. साहेब रोज फोन करून विचारायचे की स्लाइडचं काय झालं. मी म्हणायचे, स्लाइडला पोट येतंय.

नवव्या दिवशी पट्ट्या जुळल्या. मधे बघितलं तर खरा दाता माझ्या मोजलेल्या दात्यापेक्षा एका कागदाच्या जाडीएवढा वर होता. तीस वर्षांनी एवढंच खाल्लं होतं, आणि तेवढ्याने कबुतरं उडाली होती.

मी दोन्ही चाकं स्क्रीनवर एकमेकांत फिरवली. कॉम्प्युटर शेंदराशिवायच सांगतो, कुठे टेकतंय. दात्याच्या बरोबर मधोमध एक छान लांबट ठिपका आला. मी मामांना बोलावलं. ते चहाचा कप घेऊन आले, स्क्रीनजवळ नाक नेलं.

"मधात कायले आनला?"

"मधातच तर असाव लागते."

"हा ठिपका बिनवजनाचा हाये का वजनाचा?"

मी ठिपका उगाच मोठा करून बघितला.

"कापूस भरला का चाकाचा शाफ्ट वाकते. थो गिअरचा डब्बा बी आंग झटकते. ठिपका मोठ्या टोकाकडं पयते आन् कडेले जाते. म्हून पहिलेच थोडा लहान टोकाकडं ठेवाव लागते."

"मामा, एवढा जाड शाफ्ट वाकत नसते. मी हिशोब केला हाये."

"चाल."

दुसऱ्या दिवशी ते मला जिनिंगमध्ये घेऊन गेले. जुनी घासलेली चाकं परत बसवून, तुटक्या दात्यांना वेल्डिंगचा भराव देऊन, मामांनी सेठला कसंबसं काम चालवून दिलं होतं. त्यांनी गिअरबॉक्सला काट्याचं मापयंत्र लावलं आणि कामगारांना कापूस सोडायला सांगितलं. मशीनवर वजन आलं तसा काटा सरकला. मी धरलेल्या आकड्याच्या तिपटीने सरकला. कारण मी शाफ्टचा हिशोब केला होता, पण तो गिअरबॉक्स ज्या चौथऱ्यावर बसवला होता त्याचा एक बोल्ट कित्येक वर्षांपासून गायब होता आणि तिथे लाकडाचा ठोकळा ठोकलेला होता. माझ्या कुठल्याही सूत्रात ठोकळा नाही.

"हा ठोकळा कुणी ठोकला?" मी चिडून विचारलं.

"मी," मामा म्हणाले. "चांगला सागवानी हाये."

मी ठोकळा काढून बोल्ट लावायला लावला, त्यावरून आमचं तिथेच भांडण झालं, सेठ मधे पडला. शेवटी बोल्ट लागला, तरी काटा दुपटीने सरकतच होता. तेव्हा मी घरी येऊन मुकाट्याने ठिपका लहान टोकाकडे सरकवला. मामा म्हणाले होते "थोडा". 'थोडा' म्हणजे किती हे विचारल्यावर त्यांनी चिमूट दाखवली होती. ती चिमूट मी मोजपट्टीने मोजून घेतली.

साहेबांनी दुसरी जोडी कापायला कुरकुर केली. मी म्हणाले, पहिली जोडी स्लाइडमध्ये 'पूर्वी' म्हणून टाका, दुसरी 'नंतर' म्हणून. तेव्हा ते तयार झाले.

दुसऱ्यांदा बसवताना नारळ नव्हता. बाबांचा मोबाइल आईने आपल्या पिशवीत ठेवून घेतला होता. मामांनी दात्यांना शेंदूर लावला, चाक हाताने फिरवलं आणि या वेळी माझ्याकडे बघून एक भुवई उचलली. बटण दाबलं. आवाज आला, पण कसा, तर मोठ्या भुंग्यासारखा, एका सुरात. कापूस सोडला तसा सूर थोडा जाड झाला, बाकी काही नाही. कबुतरं जागेवर बसून राहिली. सेठ कान लावून म्हणाला, "चालू है ना?"

तासभर चालवून मशीन थांबवलं आणि मामांनी झाकण उघडलं. टॉर्च मारला. शेंदूर पुसला गेलेला ठिपका वजनाखाली सरकत सरकत बरोबर दात्याच्या मधे येऊन थांबला होता, चांगला गुबगुबीत.

"हां," मामा म्हणाले.

मी अजून काही ऐकायला मिळेल म्हणून थांबले. ते वाकून तेल बोटांत चोळत होते. "सेठजी, तेल बेकार हाये. बदलो इसको." संपलं. पण दुकानाकडे परतताना स्कूटरवर त्यांनी मला मागे बसवलं नाही, चावी माझ्या हातात दिली आणि स्वतः मागे बसले. त्यांची स्कूटर आजवर दुसऱ्या कुणी चालवलेली मला आठवत नाही. मी इतकी घाबरले की पूर्ण रस्ता दुसऱ्या गिअरमध्येच आले, आणि ते मागे टोपी धरून बसून राहिले.

रिपोर्टात मी लिहिलं की ठिपक्याची जागा अनुभवी कारागिराच्या सल्ल्याने ठरवली. साहेबांनी विचारलं, कोण कारागीर? मी म्हणाले, माझे मामा. साहेबांना वाटलं मी चेष्टा करते आहे. मग त्यांना व्हिडिओवर भेटायचं होतं.

मामा आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून लॅपटॉपसमोर पासपोर्टच्या फोटोसारखे ताठ बसले. पलीकडे साहेब आणि चार इंजिनीअर. साहेबांनी हिंदीत विचारलं, "सर, आपकी मेथडॉलॉजी क्या है?"

मामांनी माझ्याकडे मान वळवली. "काय म्हन्ते?"

"कसं करता विचारते."

"हाथ लगाके देखता," मामा कॅमेऱ्याला म्हणाले. मग जरा विचार करून त्यांनीच विचारलं, "आप लोगों में से गिअर किसने काटा है? खुद के हाथ से?"

पलीकडचे इंजिनीअर वहीत काहीतरी लिहायला लागले. एकाने घाईघाईने आपला माइक बंद केला, जो आधीच बंद होता. साहेब म्हणाले, बहुत अच्छा सवाल है. मी कॅमेऱ्याच्या बाहेर तोंडावर ओढणी दाबून बसले होते, आणि एक गिअर कापलेला असल्याचा मला इतका गर्व झाला की तसा डिग्रीच्या दिवशीही झाला नव्हता.

आता रविवारी दुपारी मामा आमच्याकडे येतात. आईने दिलेला चहा घेतात आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून माउस हातात घेतात. दुकानात येणारे विचित्र गिअर आम्ही आधी स्क्रीनवर फिरवून बघतो. मी आकडे भरते, ते चूक काढतात, कधी कधी मी त्यांची काढते, तेव्हा ते म्हणतात तुहं मशीन हँग झालं. माउसचं चाक त्यांना फार आवडलं आहे. ते दाता मोठा करत जातात, करत जातात, इतका की मागच्या रविवारी दात्याचा पृष्ठभाग भेदून ते आत गेले आणि सगळी स्क्रीन करडी झाली.

"हे कुठं आलो वं मी?"

"दात्याच्या आतमधी, मामा."

त्यांनी इकडेतिकडे फिरवून बघितलं. सगळीकडे करडं. "इथं तं काईच नाई."

"आतून पोकळच असते हे. आमी फक्त वरची कातडी काहाडतो."

"निसती कातडी?" मामांनी माउस सोडून दिला आणि माझ्याकडे बघितलं. "दहा वर्सांपासून तू निसती कातडी करून राह्यली?"

"हो."

"आन् पगार देतेत?"

मी मान हलवली. मामा इतके हसले की चहा बशीत सांडला. मग डोळे पुसत म्हणाले, "बरं, भाईर काहाड मले. कसं निघाव लागते इथून?"

मी माउस घेतला आणि त्यांना दात्याबाहेर काढलं.